आभासी खाजगी जाळे

आभासी खाजगी जाळे : सार्वजनिक दळणवळणाच्या मार्गांचा उपयोग करून, परंतु त्यांवरून जाणारा मजकूर त्रयस्थास वाचता येणार नाही अशी तजवीज करून, दोन किंवा अधिक दूरस्थ संगणकांमध्ये प्रस्थापित केलेला खाजगी संबंध. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘व्हीपीएन’ या नावाने ओळखला जातो व प्रस्तुत नोंदीतही पुढे तेच नाव वापरले आहे. ‘आभासी’ या विशेषणाने येथे खोटेपणा सूचित होत नाही. दोन टोकांमध्ये स्वतंत्र तार टाकलेली नसताही ती टाकली असल्याप्रमाणे व्यवहार होतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आंतरजालावरून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा क्रमांकरूप पत्ता असतो आणि मार्गातील प्रत्येक यंत्र तो वाचून पॅकेट पुढे ढकलते. सामान्य पॅकेटाची स्थिती पोस्टकार्डासारखी असते. पत्ता व मजकूर दोन्ही उघडे असून वाटेत ज्याच्या हाती ते पडेल त्यास वाचता येतात. व्हीपीएनमध्ये हे संपूर्ण कार्ड, त्यावरील पत्त्यासह, कूटलेखनाने दुर्बोध केले जाते आणि दुसऱ्या एका लखोट्यात घातले जाते. या लखोट्यावर फक्त व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता असतो. सर्व्हर लखोटा फोडून आतील मूळ पॅकेट आपल्या खाजगी जाळ्यात किंवा पुढे आंतरजालावर सोडतो. या क्रियेस ‘बोगदा काढणे’ असे नाव रूढ झाले आहे. मधल्या सेवा पुरवठादारास दोन टोके, वेळ आणि मजकुराचे आकारमान एवढेच कळते. लखोट्यामुळे प्रत्येक पॅकेटाचे वजन काही बाइटांनी वाढते. साधारणतः १,५०० बाइटांची मर्यादा असलेल्या मार्गावर त्यामुळे मोठी पॅकेटे अडकतात, व जोडणी झाली तरी काही संकेतस्थळे उघडत नाहीत अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

पूर्वपीठिका : उघड्या मार्गाने मजकूर पाठवावा, पण तो वाचण्याची किल्ली दोन्ही टोकांच्या अधिकारी व्यक्तींकडेच असावी, ही कल्पना मराठी भाषकांस अपरिचित नाही. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ ‘सकळ लिपी’ व तिच्यासारख्या अन्य सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या एका मठातून दुसऱ्या मठात जात, त्यांच्या नकला होत. परंतु अक्षरांची अदलाबदल ज्यास ठाऊक नाही त्यास पोथी हाती असूनही निरुपयोगी होती. या पंथाचे एक प्रमुख केंद्र ऋद्धपूर हे वऱ्हाडातच, आजच्या अमरावती जिल्ह्यात आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे इ. अभ्यासकांचे प्रयत्न आणि पंथातील महंतांचे सहकार्य यांमुळे हे साहित्य पंथाबाहेरील वाचकांस खुले झाले. अक्षरांची अदलाबदल हा कूटलेखनाचा प्राथमिक प्रकार असून पुरेसा मजकूर हाती आल्यास तो तर्काने उलगडता येतो. सकळ लिपी शतकानुशतके टिकली, ती लिपीच्या अवघडपणापेक्षा किल्ली जपणाऱ्यांच्या निष्ठेमुळे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

संगणकांच्या बाबतीत खाजगीपणाचा पहिला उपाय म्हणजे भाड्याची स्वतंत्र तार. मोठ्या कंपन्या दूरध्वनी खात्याकडून अशा तारा कायमच्या भाड्याने घेत. अंतर वाढेल तसे भाडे वाढे आणि तार रिकामी राहिली तरी ते द्यावे लागे. पुढे एकाच सार्वजनिक जाळ्यात विशिष्ट ग्राहकांचा ‘बंद वापरकर्ता गट’ करण्याची पद्धत निघाली. भारतात ‘सीएमसी’ या सरकारी कंपनीचे ‘इंडोनेट’ १९८६ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्यांची ठिकाणे जोडणारे ‘निकनेट’ त्याच दशकाच्या उत्तरार्धात उभारले. शिक्षण व संशोधनासाठी असलेल्या ‘अर्नेट’मध्ये मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था या संस्थांचा सहभाग होता. बँकांसाठीचे ‘इन्फिनेट’ हे उपग्रहीय जाळे जून १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. तेही बंद गटाच्या तत्त्वावरच आधारलेले होते. या सर्वांत खाजगीपणा हा मार्ग वेगळा ठेवण्यातून येत होता. मजकूर दुर्बोध करणे हा त्याचा मुख्य आधार नव्हता.

आधुनिक व्हीपीएनचा उदय : विदेश संचार निगमाने मुंबईहून १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा सुरू केली. योगायोग असा की, त्याच महिन्यात आंतरजालाच्या पॅकेटांना कूटलेखनाचे संरक्षण देणाऱ्या ‘आयपीसेक’ या नियमावलीचे पहिले मसुदे प्रसिद्ध झाले. म्हणजे येथील नागरिकांस उघडा रस्ता मिळाला तेव्हाच त्यावरून बंद गाडी नेण्याचे आराखडे तयार होत होते. तत्पूर्वी १९९३ मध्ये जॉन आयोनिडिस व मॅट ब्लेझ यांनी ‘स्वाइप’ नावाचा प्रायोगिक नमुना मांडला होता.

आयपीसेक भक्कम पण क्लिष्ट होते. घरच्या संगणकापर्यंत व्हीपीएन पोहोचविण्याचे श्रेय ‘पीपीटीपी’ या दुसऱ्या पद्धतीस द्यावे लागते. मायक्रोसॉफ्ट व काही सहकारी कंपन्यांनी ती विकसित केली व तिच्या रचनेत गुरदीप सिंग पाल या भारतीय वंशाच्या अभियंत्याचा मोठा वाटा होता. १९९६ मध्ये विंडोज एनटी ४ या प्रणालीत तिचा अंतर्भाव झाला आणि विंडोज ९८ मध्ये ती सामान्य ग्राहकास उपलब्ध झाली. त्या काळी जोडणी दोन टप्प्यांत करावी लागे. प्रथम मोडेमद्वारे सेवा पुरवठादाराचा दूरध्वनी क्रमांक फिरवावयाचा. ती जोडणी स्थिर झाली म्हणजे दुसरी, म्हणजे आभासी, ‘डायल’ करावयाची. तीत दूरध्वनी क्रमांकाऐवजी कार्यालयातील सर्व्हरचा पत्ता लिहावयाचा. पहिली जोडणी मध्येच तुटली की दुसरीही कोसळे व सर्व पुन्हा आरंभापासून करावे लागे.

पीपीटीपीचे कूटलेखन मात्र प्रथमपासून दुबळे होते. ब्रूस श्नायर व ‘मज’ या टोपणनावाने लिहिणारा तज्ञ यांनी १९९८ मध्ये तिच्यातील दोष दाखवून दिले. २०१२ मध्ये तर परवलीचा शब्द कितीही लांब असला, तरी तिची ओळखतपासणी सु. एका दिवसात भेदता येते हे सिद्ध झाले. ॲपलने २०१६ मध्ये आपल्या प्रणालींतून ती काढून टाकली. तिच्या जागी आलेल्या पद्धतींपैकी जेम्स योनन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘ओपनव्हीपीएन’ आणि जेसन डोनेनफेल्ड यांची ‘वायरगार्ड’ या विशेष महत्त्वाच्या होत. वायरगार्डचा गाभा सु. ४,००० ओळींचा आहे. एखाद्या जाणकारास तो थोड्या दिवसांत संपूर्ण वाचून पारखता येतो, हाच त्याचा खरा गुण. लिनक्सच्या ५·६ या आवृत्तीत २९ मार्च २०२० रोजी त्याचा समावेश झाला.

घरगुती संगणकावरील जोडणी : पद्धत कोणतीही असली तरी जोडणीसाठी चार गोष्टी लागतात : सर्व्हरचा पत्ता, पद्धतीचे नाव, वापरणाऱ्याची ओळख पटविणारा पुरावा आणि सर्व्हर खरा आहे हे पटविणारा पुरावा. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) हे काम ‘नवीन जोडणी’च्या प्रश्नोत्तरी खिडक्यांतून होई; विंडोज १० पासून (२०१५) ते सेटिंग्ज, नेटवर्क व तेथील व्हीपीएन या पृष्ठावर ‘जोडणी वाढवा’ असे निवडून करता येते. ओपनव्हीपीएन व वायरगार्ड यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम बसवून त्यास एक लहानशी मजकूर-फाइल द्यावी लागते. वायरगार्डच्या फाइलीत आपली खाजगी किल्ली, समोरच्या टोकाची जाहीर किल्ली, त्याचा पत्ता व कोणते पत्ते बोगद्यातून जावेत याची यादी एवढेच असते. खाजगी किल्ली ज्या संगणकावर तयार झाली त्याबाहेर जाऊ देऊ नये असा संकेत आहे. व्यवहारात मात्र कार्यालयातील तंत्रज्ञ ती फाइल किल्लीसह व्हॉट्सॲपवर पाठवितात व सर्व खटाटोप तेथेच निष्फळ होतो.

वरील चार गोष्टींपैकी शेवटच्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रमाणपत्राविषयी संगणकाने दिलेला इशारा वाचल्यावाचून पुढे जाणारा माणूस मजकूर कुलूपबंद करतो खरा, परंतु कुलूप कोणाच्या दारास लावले हे पाहत नाही. त्याचप्रमाणे सर्व वाहतूक बोगद्यातून न्यावयाची की केवळ कार्यालयाची, हा निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारात घरातील इतर सर्व व्यवहारही कार्यालयाच्या नजरेखालून जातात. दुसऱ्या प्रकारात ते उघड्या मार्गाने जातात, पण घरातील हेरगिरी करणारा एखादा कार्यक्रम त्याच संगणकातून कार्यालयात शिरण्याचा धोका राहतो. मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टनेलव्हिजन’ या दोषाने असेही दाखविले की, स्थानिक जाळे ज्याच्या ताब्यात आहे तो संगणकास चुकीची वाट सांगून वाहतूक बोगद्याबाहेर काढू शकतो आणि पडद्यावर जोडणी अबाधित असल्याचेच दिसत राहते. रेल्वे स्थानके, उपाहारगृहे इ. ठिकाणच्या फुकट वायफायच्या संदर्भात हा दोष गंभीर ठरतो.

भारतातील नियमन : १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांस आंतरजाल सेवेचे परवाने देताना शासनाने अशी अट घातली की, ४० बिटांपर्यंतच्या किल्लीचे कूटलेखन विनापरवानगी वापरता येईल, त्याहून मोठी किल्ली वापरणाऱ्याने लेखी परवानगी घ्यावी व ती किल्ली शासनाकडे जमा करावी. ४० बिटांच्या किल्लीचे पर्याय सु. १ लाख १० हजार कोटी होतात. हा आकडा मोठा वाटला तरी संगणकास तो मोठा नाही. जानेवारी १९९७ मध्ये, म्हणजे ही अट लिहिली जाण्यापूर्वीच, अमेरिकेतील बर्कली येथे इअन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सु. २५० संगणक एकत्र जोडून अशी एक किल्ली साडेतीन तासांत शोधून काढली होती. पुढे २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरजालीय बँक व्यवहारांसाठी किमान १२८ बिटांची अपेक्षा व्यक्त केली. एका शासकीय दस्तऐवजाने जे परवानगीवाचून निषिद्ध ठरविले तेच दुसऱ्याने आवश्यक ठरविले, आणि प्रत्यक्षात पहिली अट कागदावरच राहिली. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात नागरिकांनी आपल्या संदेशांचा उघडा मजकूर ९० दिवस जपून ठेवावा अशी तरतूद होती. तिच्यावर टीकेची झोड उठल्याने मसुदा अल्पावधीतच मागे घेण्यात आला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील २००८ च्या दुरुस्तीने कूटलेखनाच्या पद्धती ठरविण्याचा अधिकार शासनास दिला आहे.

घरच्या संगणकावरील व्हीपीएनवर प्रत्यक्ष बंधन होते ते वेगळ्याच वाटेने. ग्राहकसेवा केंद्रे व तत्सम उद्योगांस दूरसंचार खात्याकडे ‘अन्य सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदणी करावी लागे. त्यांच्या कर्मचाऱ्याने घरून काम करावयाचे तर परवानाधारक कंपनीनेच उभारलेला व्हीपीएन वापरणे आणि १ कोटी रु. अनामत ठेवणे अशा अटी होत्या. साहजिकच लहान कंपन्या त्या वाटेस जात नसत. कोव्हिड-१९ च्या साथीत १३ मार्च २०२० रोजी या अटी तात्पुरत्या शिथिल करण्यात आल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे येऊन घरून काम करण्यास कायमची वाट मोकळी झाली. एका नियमाच्या शिथिलीकरणाने पुण्यामुंबईच्या कार्यालयातील काम तालुक्याच्या गावातील घरात येऊ शकले, ही घटना सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही.

तालुक्याच्या पातळीवरील स्थिती : मानोरा हे वाशिम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. बंजारा समाजाचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र पोहरादेवी याच तालुक्यात आहे. अशा गावी व्हीपीएन हा शब्द पोहोचण्यापूर्वी ती वस्तू पोहोचते. मध्यवर्ती संगणकावर खाती ठेवणाऱ्या बँकेची शाखा आपल्या मुख्य केंद्राशी दूरसंचार कंपनीने आखून दिलेल्या खाजगी मार्गाने जोडलेली असते. हे काम कोपऱ्यातील एक पेटी मूकपणे करीत असल्याने खिडकीवर बसलेल्या कारकुनास त्याची जाणीवही नसते. त्यास कळते ते जोडणी तुटल्यावर, आणि तेव्हा तो ‘लिंक नाही’ एवढेच सांगतो. पेन्शनसाठी सकाळपासून बसलेल्या वृद्धास त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे लागते. खाजगी मार्ग सुरक्षित असला तरी त्याच्याखालची तार सार्वजनिकच असते व रस्त्याच्या कामात ती तुटली की बोगदाही राहत नाही.

शासकीय कार्यालयांसाठी केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. राज्याच्या राजधानीपासून जिल्हा व तालुका अशा पायऱ्यांनी सेकंदास किमान २ मेगाबिट क्षमतेची जोडणी देणे हा तिचा उद्देश होता. महाराष्ट्रातील अशा जाळ्यास ‘एमस्वान’ म्हणतात. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली; तीच पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या जाळ्यांच्या आत असणाऱ्या कर्मचाऱ्यास व्हीपीएनची गरज फारशी भासत नाही. तो बाहेर पडला, दौऱ्यावर गेला किंवा घरून काम करू लागला म्हणजे मात्र त्यावाचून चालत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र शासकीय वापरासाठी अशी सेवा पुरविते. याच केंद्राने जून २०२२ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांसाठी दिलेल्या सूचनांत बाहेरील कंपन्यांचे व्हीपीएन वापरण्यास मनाई केली. एकच साधन एका हाताने दिले जाते व दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते, असा विरोधाभास वरवर दिसतो. परंतु वस्तुतः तो नाही. किल्ली कोणाच्या हाती असावी यावरच दोन्ही आदेशांचा रोख आहे.

विश्वासाचा प्रश्न : व्हीपीएनमुळे आपण अदृश्य होतो ही समजूत जाहिरातींनी रुजविली असली तरी ती बरोबर नाही. मधल्या पुरवठादारापासून जे लपते ते बोगद्याच्या दुसऱ्या टोकास असलेल्यासमोर येते. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेल्या ‘ओनावो’ या कंपनीचे फुकट व्हीपीएन संरक्षणाच्या नावाखाली लोकांच्या वापराची माहिती मूळ कंपनीस पुरवीत होते. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून हटविले गेले व पुढच्या वर्षी बंद झाले. ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने या प्रकरणी जुलै २०२३ मध्ये २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. फुकट मिळणाऱ्या सेवेचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न ती बसविण्यापूर्वी विचारलेला बरा.

शासन व नागरिक यांच्यातील ताण या साधनाभोवती वारंवार प्रकट झाला आहे. जम्मू व काश्मीरमध्ये जानेवारी २०२० पासून मोजकीच संकेतस्थळे खुली असताना व्हीपीएनच्या वापरास बंदी होती. उलट, गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने मान्य केले आहे. गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना खरा पत्ता मिळाला पाहिजे ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक निरपराध ग्राहकाची नोंद वर्षानुवर्षे साठविली, तर ती नोंदच चोरांचे लक्ष्य बनते, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. भारतीय संगणक आपत्ती प्रतिसाद दल अर्थात ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन पुरविणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचे खरे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्यास दिलेले आंतरजालीय पत्ते व सेवा घेण्याचा हेतू ही माहिती पाच वर्षे जपावी असे फर्माविले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ते लागू नाहीत असा खुलासा नंतर करण्यात आला, त्यामुळे घरून काम करणाऱ्यांवर त्यांचा परिणाम झाला नाही. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस निर्देशांची अंमलबजावणी सुरू होण्यापूर्वीच एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन या परदेशी कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर हलविले. यांपैकी एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतीय पत्ता देणारी सेवा चालू ठेवली, परंतु तो पत्ता देणारी यंत्रे सिंगापूर व ब्रिटन येथे ठेवण्यात आली.